जुनी मस्टँग घेताना इंजिन कुठलं घ्यावं: व्ही-६, इकोबूस्ट की ५.०? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अमेरिकेत शिकायला नाहीतर नोकरीला आलेली आपली बरीच मुलं पहिली काही वर्षं कोरोला, सिव्हिक चालवतात आणि मग हातात थोडे पैसे खेळायला लागले की रात्री झोपायच्या आधी जुन्या मस्टँगच्या, म्हणजे फोर्डच्या स्पोर्ट्स कारच्या, जाहिराती चाळत बसतात. त्यांचे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात म्हणून सगळी उत्तरं एकत्र लिहितोय. इथे बोलणं फक्त २०१५ ते २०२३ या मॉडेलवर्षांच्या कूपेबद्दल (दोन दारांची, पक्क्या छताची गाडी), म्हणजे जिला एस५५० म्हणतात त्या पिढीबद्दल.

या पिढीत इंजिनं कुठली कुठली आली?

नेहमीची तीन. ३.७ लिटरचं व्ही-६, ३०० हॉर्सपॉवर, टर्बो नाही, हे फक्त २०१५ ते २०१७. दुसरं २.३ लिटरचं चार सिलिंडरचं इकोबूस्ट, टर्बो, ३१० हॉर्सपॉवर, हे शेवटपर्यंत होतं आणि २०१८ पासून त्याचा टॉर्क (चाक फिरवायचा जोर) ३२० वरून ३५० पाउंड-फूट झाला. तिसरं जीटी या वरच्या मॉडेलमधलं ५.० लिटरचं व्ही-८, ज्याला कोयोटी म्हणतात, २०१५ ते १७ मध्ये ४३५ हॉर्सपॉवर, २०१८ ते २१ मध्ये ४६० आणि शेवटच्या दोन वर्षांत ४५०. बुलिट, मॅक १, जीटी३५० वगैरे खास गाड्या आहेत पण त्यांचं गणित आणि बजेट दोन्ही वेगळं, त्या इथे घेत नाही.

व्ही-६ चे ३०० आणि इकोबूस्टचे ३१०, मग फरक तो काय?

कागदावर दहाचा, चालवताना बराच. इकोबूस्टला ताकद खालच्या आरपीएमलाच मिळते, हायवेवर ट्रक ओलांडायचा असेल तर गिअर न बदलता नुसता पाय दाबला तरी गाडी उचलते. व्ही-६ ला वर न्यावं लागतं, चार हजारांच्या पुढे गेलं की मजा येते, त्याच्या खाली ते शांत असतं. वजन दोन्हींचं जवळजवळ सारखंच, ३,५०० पाउंडांच्या थोडं वर, आणि जीटी त्यांच्यापेक्षा साधारण पावणेदोनशे पाउंड जड, त्यातलं बरंचसं नाकावर. त्यामुळे वळणावळणाच्या रस्त्यावर चार सिलिंडरवाली गाडी पुढून हलकी लागते हे खरंय, आणि आवाजात ती कुठेच बसत नाही हेही खरंय. स्पीकरमधून जो आवाज सोडतात तो ऐकून घ्या, काहींना चालतो, मला अजिबात आवडत नाही.

व्ही-६ ला सगळे नावं ठेवतात, घेऊच नको का?

उलट, मला वाटतं तिच्यावर अन्याय झालाय. टर्बो नाही, टर्बोची गरम हवा थंड करणारा इंटरकूलर नाही, हाय प्रेशर फ्युएल पंप नाही, पेट्रोल साध्या पोर्ट इंजेक्शनने जातं त्यामुळे व्हॉल्व्हवर कार्बन साठायची भानगड नाही, टायमिंगला बेल्टऐवजी चेन, आणि पंपावरचं सगळ्यात स्वस्त ८७ ऑक्टेन हेच तिचं पेट्रोल. एक गोष्ट बरेच लोक चुकीची ऐकून येतात: फोर्डच्या याच कुळातल्या व्ही-६ ला वॉटर पंप इंजिनच्या आत असतो, तो गळला की पाणी ऑइलमध्ये जातं आणि इंजिन संपतं. हे खरंय पण ते एज, एक्सप्लोरर, टॉरस अशा आडव्या बसवलेल्या इंजिनांचं. मस्टँगमध्ये इंजिन उभं बसवलंय आणि पंप बाहेर आहे, गळला तर दिसतो आणि बदलता येतो.

तिचं खरं न्यून वेगळंच. २०१५ पासून फोर्डने तिला मुद्दाम गरीब ठेवलं, मोठ्या ब्रेकचं परफॉर्मन्स पॅकेज नाही, महागडी प्रीमियम आवृत्ती नाही, आणि बऱ्याच गाड्या रेंटल कंपन्यांकडे गेल्या. रेंटल म्हणजे लगेच वाईट असं नाही, ऑइल वेळेवर बदललेलं असतं, पण थंड इंजिनला कोणी दया दाखवलेली नसते. पुढे विकायला गेलात तर गिऱ्हाईकही कमी येतं. म्हणजे स्वस्तात मिळते आणि स्वस्तातच जाते. पाचसहा वर्षं ठेवायची, रोज ऑफिसला न्यायची आणि कटकट नको असेल तर एकाच मालकाची व्ही-६ हा फार शहाणा सौदा आहे.

इकोबूस्ट टिकतं का? इंटरनेटवर वाचून घाबरलोय

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न म्हणून जरा सविस्तर.

फॅक्टरीतून आलं तसं ठेवलेलं, ऑइल वेळेवर बदललेलं आणि चांगलं पेट्रोल पाजलेलं इकोबूस्ट लाख मैल सहज काढतं, अशा भरपूर गाड्या रस्त्यावर आहेत. अडचण अशी की हे इंजिन लॅपटॉपवरून ट्यून करायला, म्हणजे त्याचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवायला, इतकं सोपं आणि स्वस्त आहे की हौशी पोरांनी तेच केलं, काहीशे डॉलरमध्ये बूस्ट (टर्बो आत ढकलतो त्या हवेचा दाब) वाढवला आणि ५० हॉर्सपॉवर जास्त काढली. टर्बोचं छोटं इंजिन, खालच्या आरपीएमला जास्त बूस्ट, त्यात कमी ऑक्टेनचं पेट्रोल, की सिलिंडरमध्ये स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटतं आणि तो दणका पिस्टन, रिंग आणि हेड गास्केट खातात. ब्लॉक ओपन डेक आहे, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या कडेला चहूबाजूंनी पाणी फिरतं, थंड छान राहतो पण जादा दाबाला आधार कमी. यात इंजिनाचा दोष नाही, दिलेल्या मर्यादेच्या बाहेर वापरलं की कुठलंही इंजिन बोलतं.

बघायचं काय तर, गाडी पूर्ण थंड असताना कूलंटची पातळी बघा, कमी असेल आणि गळती कुठे दिसत नसेल तर ते पाणी आत जळतंय असं समजा. सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर इंजिन थरथरतं का, मागून गोडसर वासाचा पांढरा धूर बराच वेळ येतो का. यातलं एकही दिसलं तर भाव करत बसू नका, परत या. दुसरं म्हणजे हे नुसतं डायरेक्ट इंजेक्शन आहे, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडतं आणि इनटेक व्हॉल्व्ह कधी धुतले जात नाहीत, म्हणून जास्त चाललेल्या गाडीत कार्बन साठतो आणि कधीतरी साफ करायचा खर्च येतो. तो धरूनच किंमत ठरवा.

आधीच्या मालकाने ट्यून केली होती हे कसं ओळखायचं? तो तर नाही म्हणतो

बॉनेट उघडा. एअर फिल्टरचा डबा फॅक्टरीचा आहे का, इंटरकूलर बदललाय का, पाइपांवरचे क्लॅम्प नवे चकचकीत आहेत का. खाली वाकून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर आहे का बघा, तो काढलेला असेल तर कॅलिफोर्नियासारख्या राज्यात स्मॉग टेस्ट (धुराची तपासणी) पास होणार नाही आणि तो खर्च तुमच्या माथी. मग वीसेक डॉलरचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावून रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते, बघा, बरेचसे अपूर्ण दाखवत असतील तर कोड नुकतेच पुसलेत नाहीतर सॉफ्टवेअर नुकतंच परत टाकलंय, आणि मग विचारा की का. सगळे पार्ट काढून परत मूळचे लावणारेही असतात, अशा वेळी त्या माणसाचे जुने फोटो आणि पोस्ट शोधा, हौशी लोक आपली गाडी दाखवल्याशिवाय राहत नाहीत.

खरं सांगायचं तर मी ट्यून झालेली इकोबूस्ट कितीही स्वस्त मिळाली तरी कोणाला घ्या म्हणत नाही. मित्र असेल तर हात धरून थांबवेन.

५.० मध्ये २०१५-१७ ची घेऊ की २०१८ नंतरची?

दोन्ही सुंदर इंजिनं आहेत, फक्त वेगळी. २०१५-१७ चं पोर्ट इंजेक्शनवालं, सिलिंडरमध्ये लोखंडी लायनर, साधंसरळ. २०१८ ला फोर्डने बरंच बदललं: पोर्ट आणि डायरेक्ट दोन्ही इंजेक्शन, कॉम्प्रेशन १२ ला १, लायनर काढून त्याजागी धातूचा फवारा मारलेला थर, बोर ९२.२ वरून ९३ मिलिमीटर आणि रेडलाइन ७,५०० पर्यंत. दहा गिअरच्या ऑटोसोबत फोर्डने शून्य ते साठ मैल चार सेकंदांच्या आत असं सांगितलं आणि ते खरंच तितकं पळतं.

पण २०१८ नंतरच्या काही गाड्यांत दोन तक्रारी सापडतात. एक म्हणजे गरम झाल्यावर आयडलला टाइपरायटरसारखी टिकटिक, अनेक गाड्यांत ती वर्षानुवर्षं तशीच राहते आणि पुढे काही होत नाही, पण ऐकायला बरी वाटत नाही आणि तुमच्या पुढच्या गिऱ्हाइकालाही वाटणार नाही. दुसरी म्हणजे ऑइल पिणं, ही जास्त गंभीर. या इंजिनात १० क्वार्ट ऑइल मावतं, आधीच्यात ८, म्हणून एखादा क्वार्ट कमी झाला तरी लगेच कळत नाही. गेलात की डिपस्टिक काढून बघा आणि मालकाला सरळ विचारा, दोन ऑइल चेंजच्या मध्ये किती टाकावं लागतं. जो मालक क्षणभरही न थांबता आकडा सांगतो आणि पावत्या दाखवतो त्याची गाडी बघायला सोपी जाते.

बजेट ताणून २०१८ ची ऐंशी हजार मैल झालेली घेण्यापेक्षा २०१६-१७ ची चाळीस हजारांची, कोणी हात न लावलेली जीटी मी आधी बघेन. आणि सुपरचार्जर लावलेली असेल तर दुरून नमस्कार, ऑइल पंपाचे मूळ गिअर त्या ताकदीसाठी बनवलेले नाहीत, ते तुटले की अख्खं इंजिन जातं.

मॅन्युअल की ऑटोमॅटिक?

तिन्ही इंजिनांना मॅन्युअल मिळतो आणि तो एमटी-८२ नावाचा गिअरबॉक्स आहे, त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त कुरकुर दुसऱ्या गिअरची. थंडीत पहिल्यातून दुसऱ्यात टाकताना घासल्यासारखं होतं का, जोरात शिफ्ट केलं तर गिअर आत घेतो का, हे स्वतः करून बघा. २०१८ पासून जीटीला दोन डिस्कचा क्लच आला आणि गिअर टाकणं जरा सुधारलं. ऑटोमध्ये २०१७ पर्यंत सहा गिअरचा, हा फार भरवशाचा. २०१८ पासूनचा दहा गिअरचा जीएम आणि फोर्डने मिळून बनवलेला, पळतो झकास, पण कमी वेगाला, म्हणजे सिग्नलला हळू होताना, झटका देतो का ते नीट बघा, ती तक्रार बऱ्याच लोकांची आहे.

आपल्याकडे पुण्या-मुंबईत क्लच दाबून दाबून गुडघे दुखलेले लोक इथे येऊन मॅन्युअल शोधतात, आणि मला ते कळतं, रिकाम्या रस्त्यावर मॅन्युअल म्हणजे वेगळंच सुख आहे. रोज तासभर ट्रॅफिकमध्ये जाणार असाल तर मात्र ऑटो घ्या.

पेट्रोलचा खर्च किती फरकाने येईल?

ईपीए या सरकारी संस्थेच्या आकड्यांत ऑटो इकोबूस्ट साधारण २५ मैल प्रति गॅलन, व्ही-६ २२ च्या आसपास आणि जीटी १९. वर्षाला १२,००० मैल धरले तर इकोबूस्टला ४८० गॅलन आणि जीटीला ६३० लागतात, म्हणजे दीडशे गॅलनचा फरक, गॅलनला साडेतीन डॉलर धरले तर पाचशे-सव्वापाचशे डॉलर वर्षाचे. हा आकडा नीट बघा कारण कितीतरी जण "व्ही-८ पेट्रोल खाते" म्हणून मन मारून इकोबूस्ट घेतात आणि वर्षभरात ती विकून जीटी घेतात, त्या अदलाबदलीत टॅक्स आणि घसारा धरून जे जातं त्यात कितीतरी वर्षांचं पेट्रोल आलं असतं. व्ही-८ हवी असेल आणि परवडत असेल तर व्ही-८ च घ्या. परवडत नसेल तर थांबा, पैसे साठवा, जुन्या जीटी काही संपत नाहीयेत.

८७ ऑक्टेन टाकलं तर चालतं का?

तिघींनाही चालतं, नुकसान होत नाही, कॉम्प्युटर जुळवून घेतो. पण इकोबूस्टचे ३१० आणि जीटीचे आकडे ९३ वर मोजलेत, उन्हाळ्यात ८७ वर इकोबूस्ट स्पष्ट मंदावते. इकोबूस्टला मी तरी प्रीमियम, म्हणजे जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोलच टाकायला सांगेन. म्हणजे मायलेजमध्ये वाचलेले थोडे पैसे तिथे जातात आणि व्ही-६ शी हिशोब जवळजवळ बरोबरीत येतो, हे कोणी सांगत नाही.

इन्शुरन्सचं काय?

गाडी बघायला जायच्या आधी तिचा व्हीआयएन नंबर (प्रत्येक गाडीचा स्वतंत्र ओळख क्रमांक) घेऊन तीन-चार कंपन्यांकडून कोट काढा. पंचविशीच्या आतलं वय आणि अमेरिकेतला ड्रायव्हिंगचा इतिहास नवा असेल तर जीटीचा प्रीमियम कधी कधी कारच्या हप्त्याइतका येतो, आणि मग घेतलेली गाडी पार्किंगमध्येच राहते. कर्ज काढत असाल तर फुल कव्हरेज घ्यावंच लागतं. विसावर असाल तर काही बँका विसाच्या मुदतीएवढंच कर्ज देतात, क्रेडिट युनियनमध्ये (आपल्या पतसंस्थेसारखी) जाऊन विचारा, तिथे बऱ्याचदा व्याज कमी मिळतं.

मी मिशिगनमध्ये राहतो, बर्फात चालेल का?

मस्टँग बनते तिथेच, फ्लॅट रॉकला, आणि तिथले लोक हिवाळ्यात चालवतात. फक्त विंटर टायर हवेत. परफॉर्मन्स पॅकेजवाल्या गाड्या उन्हाळी टायरवर येतात, तापमान ७ अंश सेल्सियसच्या खाली गेलं की ते कडक होतात, बर्फ नसतानासुद्धा घसरतात. बर्फात तिन्ही इंजिनांत इकोबूस्टचा अचानक येणारा टॉर्क सांभाळायला अवघड, व्ही-६ सगळ्यात शांत. आणि अशा राज्यातली गाडी घेताना खालून मिठाचा गंज बघा, मागच्या सबफ्रेमचे बोल्ट, ब्रेकच्या लाइन, एक्झॉस्टचे जोड.

परफॉर्मन्स पॅकेजला जास्त पैसे द्यावेत का?

हो. इकोबूस्टच्या पॅकेजमध्ये साध्या जीटीचे ३५२ मिलिमीटरचे चार पिस्टनचे पुढचे ब्रेक येतात, जीटीच्या पॅकेजमध्ये सहा पिस्टनचे ३८० मिलिमीटरचे ब्रेम्बो. नंतर बाहेरून लावायला गेलात तर दुप्पट खर्च. फक्त जीटीच्या पॅकेजमध्ये पुढचे टायर २५५ आणि मागचे २७५ मिलिमीटर रुंद असल्यामुळे पुढेमागे अदलाबदल होत नाही, मागचे लवकर संपतात.

जाहिरातीत जीटी लिहिलंय, बॅजही आहे, खरी कशी ओळखू?

व्हीआयएनचं आठवं अक्षर बघा. एफ असेल तर ५.०, एच असेल तर इकोबूस्ट, एम असेल तर व्ही-६. बॅज कोणीही चिकटवतो. तोच नंबर एनएचटीएसए या सरकारी रस्तासुरक्षा संस्थेच्या साइटवर टाकून रिकॉल बाकी आहेत का तेही फुकट बघून घ्या.

रिबिल्ट टायटलची (मोठ्या नुकसानीनंतर दुरुस्त करून परत रस्त्यावर आणलेली) जीटी निम्म्या किमतीत मिळतेय

नको. मागच्या चाकांवर चालणारी, ताकदवान गाडी कशी आपटली असेल याचा विचार करा. चासी सरळ आहे हे तुम्हाला आणि मला डोळ्यांनी कळत नाही, आणि काही इन्शुरन्स कंपन्या फुल कव्हरेजच देत नाहीत.

मग नक्की बघायचं कशा क्रमाने?

आधी कारफॅक्स (गाडीच्या इतिहासाचा रिपोर्ट), त्यात मालक किती, अपघात, रेंटल. मग पहिली विक्री कधी झाली ती तारीख, कारण इंजिन-गिअरबॉक्सची ५ वर्षं किंवा ६०,००० मैलांची वॉरंटी तिथून मोजतात आणि ती पुढच्या मालकाला मिळते. मग थंड इंजिनवर टेस्ट ड्राइव्ह, विकणाऱ्याला आधीच सांगा की मी यायच्या आधी चालू करू नका, तरीही बॉनेट गरम लागलं तर कारण विचारा. मग त्याच्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडे तपासणी, दीडशे-दोनशे डॉलर लागतात आणि ते वाचवायचे पैसे नाहीत. डीलरकडे खिडकीवर बायर्स गाइड लावलेला असतो, त्यात "ॲज इज" (आहे तशी, वॉरंटीशिवाय) वर खूण असेल तर गेटबाहेर पडल्यावर सगळं तुमचं. तपासणीला नाही म्हणणाऱ्याकडून गाडी घेऊ नका, इंजिन कुठलंही असो.

२०१३-१४ ची स्वस्त मिळतेय, ती?

तिच्यातही ३.७ आणि ५.० होतीच, पण मागे सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकं एकाच आसावर जोडलेली), खराब रस्त्यावर मागची बाजू उडते. घेतलीत तर टकाटा एअरबॅगचा रिकॉल झालाय का हे आधी बघा, २००५ ते २०१४ च्या गाड्या त्यात आहेत आणि तो जिवाचा प्रश्न आहे.

आईबाबा सहा महिन्यांसाठी येणार आहेत, एकच गाडी पुरेल का?

नाही पुरणार. मागची सीट नावापुरती, पुढची सीट सरकवून मागे शिरताना साठीतल्या माणसाला त्रास होतो, आणि साडी नेसून तर नकोच. बाळाची मागे तोंड करून बसवायची सीटही जेमतेम मावते. एअरपोर्टला दोन माणसं आणि चार मोठ्या बॅगा आणायच्या असतील तर मित्राची व्हॅन सांगून ठेवा.

कॅमरो किंवा चॅलेंजर का नको?

नको असं नाही. कॅमरोचं ३.६ व्ही-६ ३३५ हॉर्सपॉवरचं आहे आणि मस्टँगच्या व्ही-६ पेक्षा जास्त उत्साही, पण बाहेरचं फार कमी दिसतं, आधी बसून बघा. चॅलेंजर मोठी, आरामशीर, मागे माणसं खरंच बसतात, आणि २०१७ पासून व्ही-६ ला ऑल व्हील ड्राइव्ह मिळते, बर्फाच्या राज्यात हा मोठा मुद्दा आहे.

इंग्लंडमध्ये आहे, तिथे काय?

तिथे व्ही-६ आलीच नाही, २.३ आणि ५.० फक्त. २०१८ नंतरच्या २.३ ची ताकद ३१७ वरून २९० पीएसवर (हॉर्सपॉवरसारखंच तिकडचं माप) आली, त्यामुळे तिथे जुनी २.३ जास्त जोमदार.

इथली मस्टँग भारतात परत जाताना नेता येईल का?

नाही. इथली गाडी डाव्या हाताच्या स्टिअरिंगची, भारतात वापरलेली गाडी आणायला उजवं स्टिअरिंग लागतं, गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, आणि कस्टम ड्युटी गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होते. भारतात हवीच असेल तर तिथलीच शोधा: जुलै २०१६ मध्ये फोर्डने ६५ लाख एक्स-शोरूमला उजव्या स्टिअरिंगची जीटी आणली, फक्त ५.० आणि फक्त ऑटो, ताकद थोडी कमी केलेली, ४०१ पीएस. बीएस६ आल्यावर विक्री थांबली, त्यामुळे ज्या आहेत त्या त्याच. इंजिन निवडायचा प्रश्नच येत नाही, पण गाडी किती दिवस उभी होती, पार्ट बाहेरून मागवायला किती वेळ लागला आणि सर्व्हिस कुठे केली, हे विचारून मगच टोकन द्या.